कोरमला जाणारी माणसं

माझी पीएच.डी. झाली तेव्हा आमच्या गल्लीत पेढे वाटले होते. त्यानंतर नोकरीच्या नावानं कुणाच्या हातावर साखरही ठेवता आली नाही. तेव्हापासून मी अहमदपूरच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर लोकप्रशासन शिकवतो. तासिका तत्त्व म्हणजे काय हे बाहेरच्याला समजावून सांगताना माझी चिडचिड होते. तास घेतला तरच मानधन, आणि तेही सरकारला आठवेल तेव्हा. मे महिन्यात आपण कुणीच नसतो. जूनमध्ये पुन्हा अर्ज करायचा, पुन्हा मुलाखत द्यायची, आणि मार्चपर्यंत ज्या वर्गाला शिकवलं त्याच वर्गाला शिकवायला आपण लायक आहोत हे पुन्हा सिद्ध करायचं. लग्न झालेल्या माणसानं दरवर्षी मुलगी बघायला जावं तसला हा प्रकार आहे.

ते वर्ष दुष्काळाचं होतं. लातूरला पाणी कुठून कुठून येत होतं ते पेपरात छापून यायचं. आमच्याकडं पेपरवाले येत नव्हते एवढाच फरक, नळ इथंही कोरडेच होते. पोरं पुण्याला कंपन्यांत लागली, पोरींची लग्नं लवकर उरकली गेली, आणि माझ्या वर्गात बाकं जास्त अन् माणसं कमी अशी अवस्था झाली. परीक्षा संपता संपता प्राचार्यांनी केबिनमध्ये बोलावलं आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "सोनकांबळे सर, पुढल्या साली वर्कलोड बसंल असं वाटत न्हाई. तुम्ही दुसरीकडं बघून ठेवा."

मी दुसरीकडं किती वर्षं बघतोय हे त्यांना ठाऊक होतं. पण प्राचार्यांवर चिडून काय उपयोग.

माझी बायको सिंधु ग्रामीण रुग्णालयात नर्स आहे. घर तिच्या ड्यूटीवर चालतं. ती मला कधी बोलली नाही, आणि तिचं न बोलणंच मला जड जायचं. तिचे मामा, शेषेरावमामा, माहूरकडं एका आश्रमशाळेत मुख्याध्यापक. त्यांच्या शाळेत लिपिकाची जागा निघणार होती. कायम जागा. मामांनी निरोप धाडला होता, जावईबापूंना विचारा, महिनाअखेरपर्यंत हो किंवा नाही कळवा म्हणावं. सिंधुनं तो निरोप मला सांगितला, डब्याला झाकण लावलं आणि ड्यूटीवर गेली. मी चाळिशी गाठलेली. आता लिपिक झालो की परत वर्गात उभं राहणं नाही, हे तिलाही कळत होतं आणि मलाही. मला शिकवायचं होतं. दुसरं काही मला धड येतही नाही आणि आवडतही नाही.

अशात लिंबाजीचा फोन आला.

लिंबाजी हणमंते मुखेडकडचा, चांगुणा एडके देगलूरची, आणि मी. तिघांचा विषय एक, तिघांचा प्रवर्ग एक, तिघांनाही नेट आणि पीएच.डी. दोन्ही, आणि तिघंही तासिकेवर. नावंही अशी, की मुलाखतीची यादी वाचणाऱ्याला भजनी मंडळ आलंय असं वाटावं. त्यात मी ग्यानोबा. पहिली ओळख नांदेडला एका मुलाखतीच्या व्हरांड्यात झाली. पुढं जिथं जावं तिथं हेच दोन चेहरे. शेवटी आम्ही डबा एकत्र खायला लागलो.

मग आमच्यात एक रीत पडली. राखीव जागेच्या मुलाखतीला एकच उमेदवार आला तर कमिटी कागद पुढं सरकवत नाही. निवड करायची तर निवडायला दोन-तीन चेहरे समोर पाहिजेत. त्यामुळं ज्याचं काम कुठं 'आत' ठरलेलं असेल, त्यालाच उलट लोक गोळा करत फिरावं लागतं. अशी गणसंख्या भरायला जाण्याला आम्ही कोरमला जाणं म्हणतो. तिघांपैकी कुणाचं ठरलं की बाकीच्या दोघांनी अर्ज करायचा, स्वतःच्या खर्चानं जायचं, समोर बसून यायचं. उदगीरकडच्या एका कॉलेजात माझं ठरल्यासारखं होतं, तेव्हा ही दोघं आली. चांगुणाचं बाळ तेव्हा अंगावर पीत होतं, तरी आली. पुढं कोर्टातून स्थगिती आली ते सोडा. दुसऱ्यांदा ठरलं, पुन्हा दोघं आली, आणि पुन्हा काही झालं नाही ते सोडा. यायचं ते आली होती.

कोरमला जाणंही येरागबाळ्याचं काम नाही. फार चांगलं बोललं तर ज्याचं ठरलंय त्याची पंचाईत. फार वाईट बोललं तर कमिटीला नाटक कळतं. पुस्तकातलं, बेचव, अर्धवट असं बोलावं लागतं. व्याख्या सांगायची, तीन मुद्दे सांगून चौथ्याला अडखळायचं, आणि "बाकी आत्ता आठवत नाही, सर" म्हणून मान खाली घालायची. मला हे उत्तम जमतं. इतक्या वर्षांत मी एवढी एकच गोष्ट पक्की शिकलो असं कधी कधी वाटतं.

"ग्यानोबा," लिंबाजी फोनवर म्हणाला, "हिमायतनगरच्या पुढं एक कॉलेज हाय. आपल्या प्रवर्गाची जागा निघालीय."

"जाहिरात पाहिली मी. अर्जपण केलाय."

"माझं ठरलंय तिथं."

खरं सांगायचं तर त्या जाहिरातीवर मी थोडी आशा लावून होतो. त्या आशेचा गळा दाबायला एक श्वास लागला, तेवढा घेतला.

"कुणी सांगितलं?"

"सचिव किशनराव हायेत ना, एका लग्नात भेटले. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, तुमचंच कॉलेज समजा, या बिनधास्त. आता आणखी काय पाहिजे? तू अन् चांगुणाताई या फक्त."

"हाव, येतो की," मी म्हणालो. दुसरं म्हणणार काय? माझ्या वेळी त्यानं विचारलं नव्हतं.

सिंधुला मी सांगितलं, लिंबाजीचं काम होतंय, कोरमला जाऊन येतो. तिनं मुलाखतीचा शर्ट काढून दिला. पाण्याची टंचाई म्हणून तो नुसताच झटकून इस्त्री केलेला होता. म्हणाली, "होऊ द्या बापड्याचं. पोरं मोठी झाली त्याची." आणि मग थांबून, "मामाला काय सांगू?" मी म्हणालो, आल्यावर सांगतो.

नांदेडच्या स्टँडवर आम्ही तिघं भेटलो आणि भोकरमार्गे एसटीनं पुढं निघालो. लिंबाजी नवा शर्ट घालून आला होता आणि सगळ्या वाटेनं बोलत होता. खोली कुठं बघायची, पोरांना कुठल्या शाळेत घालायचं, पहिल्या पगारात आईला काय घ्यायचं. चांगुणा मधूनच हसत होती. एका जागी ती म्हणाली, "लिंबाजीदादा, जरा वाचून-बिचून आलाव का न्हाई?" तर म्हणाला, "ताई, ठरलेल्या माणसानं वाचलं तर कमिटीला शंका येती." आम्ही तिघंही हसलो. खिडकीबाहेर रानं उघडी पडली होती आणि बोअरच्या गाड्या रस्त्याच्या कडेला उभ्या होत्या.

कॉलेज बरं होतं. दोन मजली, पुढं कडुनिंब, वाचनालयाला कुलूप नव्हतं. उघडं वाचनालय मी फार दिवसांनी पाहत होतो. व्हरांड्यात रांजण ठेवला होता आणि त्याच्यावर पाटी, पिण्यापुरतंच घ्या. आम्ही पिण्यापुरतंच घेतलं आणि बाकावर बसलो. आमच्याशिवाय चौथं कुणी आलं नाही.

आधी चांगुणाला बोलावलं. ती लवकर बाहेर आली आणि माझ्याजवळ टेकत हळूच म्हणाली, "मॅडम लई खोलात जाऊन विचारून राहिल्यात."

विषयतज्ज्ञ म्हणून औरंगाबादहून जोहरा मॅडम आल्या होत्या. निवृत्त झालेल्या, पांढरे केस, गळ्यात चष्म्याची दोरी. त्यांचं नाव आमच्या विषयात कुणाला माहीत नाही असं नाही. मी आत गेलो, "जय भीम, नमस्कार" म्हणालो आणि खुर्चीत बसलो. टेबलाच्या एका टोकाला सचिव किशनराव मोबाईल बघत होते. विद्यापीठाचे आणि सरकारचे प्रतिनिधी फाईल चाळत होते. जोहरा मॅडमच्या पुढं काही छापील पानं होती. पेन्सिलीनं खुणा केलेली. मी नीट पाहिलं तर तो माझा लेख होता.

नवा जिल्हा झाल्यावर सीमेवरच्या गावांचं काय होतं, यावर तो लेख होता. माझ्या प्रबंधातलंच एक प्रकरण. लातूर जिल्हा उस्मानाबादेतून वेगळा झाला तेव्हाची कागदपत्रं मी धुंडाळली होती, आणि शिवेवरची गावं पायी फिरलो होतो. तो लेख कुणी वाचला असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. संपादकानंही वाचला नसावा, कारण छपाईत पानं उलटीसुलटी लागली होती.

"सोनकांबळे," मॅडम म्हणाल्या, "उदगीर जिल्हा करा, किनवट जिल्हा करा, रोज कुणी ना कुणी निवेदन देतंय. तर तुम्ही मला सांगा. जिल्हा नवा झाला म्हणजे गावाला काय मिळतं?"

हा प्रश्न मला झोपेत विचारा. काही गावं नव्या जिल्ह्यात आली आणि त्यांच्या पाण्याची योजना जुन्यात राहिली. टंचाई पडली की दोन्ही कचेऱ्या एकमेकींकडं बोट दाखवायच्या. तिथं कोंडाबाई नावाची म्हातारी मला म्हणाली होती, "आधी सायब लांब व्हता, म्हणून भेटत न्हवता. आता जवळ आला तरी भेटत न्हाई. लांब व्हता तेच बरं, मनाला समजावता येत व्हतं." ते वाक्य मी प्रबंधात पहिल्याच पानावर घातलं होतं. माझ्या मार्गदर्शकांनी खोडलं. मी पुन्हा घातलं.

हे सगळं जिभेच्या टोकावर आलं. खिडकीतून व्हरांडा दिसत होता. लिंबाजी पाय वर घेऊन रुमालानं बूट पुसत होता, एक झाला की दुसरा.

"प्रशासकीय सोय होते," मी म्हणालो. "विकेंद्रीकरण होतं. विकासाला चालना मिळते."

"आणि?"

"जनतेचा सहभाग वाढतो. बाकी आत्ता आठवत नाही, मॅडम."

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. "सीमेवरच्या गावांबद्दल तुम्ही लिहिलंय ना काहीतरी?"

"हाव. लिहिलंय."

"मग सांगा ना. घाई नाही मला."

अशी वाट कुणी माझ्यासाठी कधी पाहिली नव्हती. मनात आलं, बोलून टाकावं. लिंबाजीचं ठरलेलंच आहे, माझ्या बोलण्यानं काय बिघडणार? पण कोरमला आलेल्या माणसानं असं करायचं नसतं. त्याच्या जागेवर बसून आपण शहाणपणा दाखवायचा आणि त्यानं आपल्यामागून येऊन गडबडायचं, हे बरं दिसत नाही. मी मान खाली घातली.

"खूप दिवस झाले, मॅडम. संदर्भ बघावे लागतील."

"हे तुम्हीच लिहिलंय का, सोनकांबळे?"

आमच्याकडं प्रबंध विकत मिळतात हे सगळ्यांना माहीत आहे. कुणी माझ्या तोंडात मारली असती तरी एवढं लागलं नसतं. "हाव, मीच," मी म्हणालो. त्यांनी पानं पालथी घातली.

माझ्यानंतर लिंबाजी गेला. बराच वेळ आत होता. आला तेव्हा नव्या शर्टाची पाठ ओली झाली होती. म्हणाला, "मधी मधी जरा अडकलो. पण किशनराव हसत व्हते माझ्याकडं बघून. होऊन जाईल."

डबे खाऊन झाले तरी निरोप येईना. मग किशनराव स्वतः बाहेर आले. माणूस सभ्य होता. आम्ही उठलो तर बसा बसा म्हणाला.

"सर लोक, ताई, यंदा काही जमलं न्हाई. कमिटीनं योग्य उमेदवार नाही असं लिहून जागा रिकामी ठेवली."

लिंबाजीला ते ऐकूच गेलं नसावं. "साहेब, तुम्ही लग्नात म्हणला होताव... तुमचंच कॉलेज समजा."

"समजा की," किशनराव म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटत होतं. "ते मी समद्यांलाच म्हणतो, सर. आलेल्या माणसाला आणखी काय म्हणावं? पण आमचे जुने अध्यक्ष गेले तवापासून संस्थेनं ठरवलंय, भरतीत बोलायचं न्हाई. मी मॅडमला सकाळीच सांगितलं, आमचा कुणी माणूस न्हाई, तुम्हाला जो बरा वाटंल त्याच्या नावावर सही करा."

लिंबाजी बाकावर बसला. चांगुणानं पदर तोंडाला लावला. मी कडुनिंबाकडं बघत उभा राहिलो. आयुष्यात पहिल्यांदा खरी मुलाखत झाली होती आणि आम्ही तिघंही तिला कोरमला आलो होतो.

जोहरा मॅडमची जीप फाटकाशी उभी होती. त्या निघता निघता थांबल्या आणि मला हातानं बोलावलं.

"एक विचारू? राग मानू नका. लेख कुणी लिहून दिला?"

तेव्हा मात्र मला राहवलं नाही. मी सगळं सांगितलं. शिवेवरची गावं सांगितली, दोन कचेऱ्यांची पत्रं सांगितली, कोंडाबाईचं बोलणं तिच्याच शब्दांत सांगितलं. त्यांच्या प्रश्नाचं सगळं उत्तर तिथं फाटकात उभं राहून दिलं. ड्रायव्हरनं सुरू केलेली गाडी बंद केली.

"मग आत काय झालं होतं तुम्हाला?" शेवटी त्या म्हणाल्या.

"आम्हाला वाटलं, लिंबाजीचं ठरलंय."

"कुणी ठरवलं होतं?"

मी विचार केला. किशनरावांनी ठरवलं नव्हतं. संस्थेनं नव्हतं. "आम्हीच, मॅडम," मी म्हणालो.

त्यांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला. "अहो बाबा, यादीत तुमचं नाव बघून मी आले. नाहीतर या वयात, या उन्हात कोण येतंय इतक्या लांब? म्हटलं एक तरी जागा नीट भरू." त्यांचा आवाज चिडका नव्हता, नुसता थकलेला होता. "आता सह्या झाल्या. कागद बंद झाला."

जीप गेली. धूळ खाली बसेपर्यंत मी तिथंच होतो. माझं चुकलं असं मला आजही म्हणता येत नाही, आणि चुकलं नाही असंही म्हणवत नाही. लिंबाजीच्या जागी मी असतो तर त्यानंही हेच केलं असतं. या विचारानं बरं वाटायला पाहिजे होतं. वाटलं नाही.

परतीच्या एसटीत चांगुणा खिडकीकडं तोंड करून म्हणाली, "मला पंचायत राजचं विचारलं व्हतं, दादा. समदं येत व्हतं मला." आम्ही दोघांनी ऐकलं.

भोकर मागं पडल्यावर लिंबाजीनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. त्याचे डोळे लाल झाले होते. "ग्यानोबा, माझ्यापायी तुझं गेलं. ऐक माझं. पुन्हा जाहिरात निघंल ना, त्या टायमाला तुझा नंबर. मी न् ताई येतो कोरमला. शपथ हाय."

मला हसू आलं आणि मग रडू आलं, दोन्ही त्याच्यासमोरच. त्याच्याजवळ मला द्यायला तेवढंच होतं आणि तो ते मनापासून देत होता. पुन्हा जाहिरात कधी निघेल ते त्यालाही माहीत नव्हतं. सरकारची परवानगी, आरक्षणाचं रोस्टर, पुन्हा परवानगी. तोपर्यंत मी आश्रमशाळेत पगारबिलं करत असेन. मी त्याचा हात दाबला.

नांदेडच्या स्टँडवर उतरून मी सिंधुला फोन लावला. तिच्यामागं वॉर्डातले आवाज येत होते.

"झालं का हो लिंबाजीभाऊचं?" तिनं आधी तेच विचारलं.

"न्हाई."

"अगं बाई. मग चांगुणाताईचं?"

"न्हाई. तू मामाला हो म्हणून सांग."

कुणीतरी तिला सिस्टर म्हणून हाक मारत होतं, तिनं ओ दिली नाही.

"मग जागा गेली कुणाला?"

"कुणालाच न्हाई," मी म्हणालो. "हाय तिथंच हाय. रिकामी."